दोघांचाही हिरवा

रंजनाने पडद्यावर बोट टेकवलं आणि टेकवता टेकवताच तिला कळलं की चुकलं. पण तोवर उशीर झाला होता. चित्रावर लाल फुली आली, कोपऱ्यातले सेकंद पुसले गेले आणि पुढचा प्रश्न समोर उभा राहिला.

ते चित्र मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. सिग्नलचा खांब. वर लाल दिवा पेटलेला, आणि त्याच वेळी बाजूला उजवीकडे वळलेला एक हिरवा बाण. खाली हिंदीत विचारलं होतं, आपल्याला सरळ जायचं आहे, आपण काय कराल? रंजनाला हिरवं दिसलं आणि तिने ‘जाऊ’वर बोट ठेवलं. आजवर रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून तिने हेच पाहिलं होतं. हिरवं दिसलं की निघायचं.

पंधरातले दहा बरोबर आले. पास व्हायला अकरा लागत होते.

“बेन, नापास,” काचेमागचा माणूस म्हणाला. “आवता अठवाडिये आवजो.”

तिने पुढच्या आठवड्याची तारीख घातलेला कागद घेतला, पदराने मान पुसली. मागे रांगेत उभी असलेली कॉलेजातली पोरं तिच्याकडे पाहत होती. बेचाळीस वर्षांची बाई, पायात रबरी चप्पल, शिकाऊ लायसनसाठी आलेली आणि तेही रिक्षाच्या. रंजनाला त्यांची लाज वाटली नाही. तिला त्या बाणाची चुटपुट लागली होती, आणि ती एका गुणापुरती नव्हती.

बाण हा शब्द तिने दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा ऐकला होता, स्वतःच्या दारात.

हेमराज, तिचा नवरा, एकोणीस वर्षं सुरतेत रिक्षा चालवत होता. पारोळ्याहून आला तेव्हा आधी कापडाच्या लूमवर लागला. त्या खडखडाटात डोकं दुखायचं म्हणून त्याने रिक्षा धरली आणि त्या धंद्यावर लिंबायतमध्ये दोन खोल्या केल्या, मुलीचं लग्न केलं. एकोणीस वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. जुलै महिन्यात एका सकाळी मोठ्या चाररस्त्यावर समोरून वळणाऱ्या टेम्पोने त्याला उडवलं. रिक्षाचं तोंड आत गेलं. हेमराजचा उजवा पाय मांडीत आणि गुडघ्याखाली असा दोन जागी मोडला. मोठी गाडी होती, म्हणून चूकही तिचीच, असं धरून लोकांनी टेम्पोवाल्याला खाली ओढून मारलं. पोलिसांनीही केस त्याच्यावरच केली. खांबावरचा कॅमेरा त्या आठवड्यात बंद होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेमराज तीच हकीकत सांगायचा. खाटेवर पडल्या पडल्या, दोन्ही हात हवेत धरून, जणू हॅण्डल हातात आहे.

“उजवीकडली रांग मोकयी व्हती. मी सगळासना पुढे उभा. मांगून हॉर्न वाजाले लागनात. दिवा हिरवा पडना, मी निंघनू. हिरवाच व्हता, मन्हा डोयानी देखेल शे.”

रंजनाने ही हकीकत पन्नास वेळा तरी ऐकली असेल. तिचा त्यावर विश्वास होता. हेमराज तंबाखू खायचा, रागीट होता, पण खोटं बोलणारा नव्हता.

आणि मग ऑगस्टमध्ये ती बाई आली होती. सखुबाई नाव, हिंगोलीकडची, सुरतेतच भेस्तानला राहणारी. तो टेम्पो चालवणाऱ्या मारुतीची बायको. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, आत ये असं कुणी म्हटलं नाही. तिने हातात पिशवीत चार मोसंबी आणली होती.

“बाई, आमच्या मालकाला बाण हिरवा होता. बाण पडला तवाच त्यांनी गाडी वळवली. लेकराची आण घेऊन सांगते.”

“कसला बाण?” रंजना कडाडली होती. “आमच्या घरच्यांनाही हिरवाच होता. दोघांना हिरवा कसा राहील?”

“ते मला काय कळंना माय,” सखुबाई म्हणाली. “मालकांची गाडी गेली. लायसन पोलिसांकडं. मार खाल्ल्यापासून एका कानानं ऐकू येत नाही त्यांना. पण ते म्हणतात, बाण हिरवा होता.”

खाटेवर हेमराजने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. रंजनाने मोसंब्यांची पिशवी तिच्या हातात परत दिली आणि दार लावून घेतलं.

आता कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना तो संवाद तिला शब्दन् शब्द आठवत होता. दोघांना हिरवा कसा राहील? तिने त्या दिवशी हा प्रश्न तोंड बंद करायला विचारला होता. आज तो तिलाच येऊन चिकटला.

तिने घरी जाणारी बस सोडून दिली आणि मोठ्या चाररस्त्याची बस धरली.

दुपारचे साडेबारा झाले होते. ऊन डोक्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो, शाळेच्या रिक्षा, मोटारसायकलींचे थवे. अपघातानंतर रंजना इथे पहिल्यांदाच येत होती. पाहणं सोपं जावं म्हणून ती दुभाजकाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

“ओ मासी! त्यां नही, फूटपाथ पर ऊभा रहो!”

ट्रॅफिक ब्रिगेडच्या वर्दीतली एक मुलगी शिट्टी तोंडातून काढून ओरडत होती. रंजनाच्या तोंडून सवयीने घरच्या बोलीत “हा, राहस” निघालं आणि मुलगी हसली.

“खान्देशच्या का मावशी? मी शिरपूरची. इकडे सावलीत या.”

तिचं नाव उज्ज्वला. रंजनाने तिला नापासाचा कागद दाखवला, नवऱ्याचं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, “मला हा बाण समजावून सांग बाई. लाल आणि हिरवा एकदम कसा लागतो?”

उज्ज्वलाने हाताने रस्ता दाखवला. “ते जमिनीवर रंगवलेले बाण बघा. तीन रांगा आहेत. डावीकडची डावीकडे जाणाऱ्यांची. मधली सरळ जाणाऱ्यांची. उजवी रांग फक्त उजवीकडे वळणाऱ्यांची. आता लाल आहे. थांबा, आता बाण लागेल.”

लाल दिवा तसाच राहिला आणि त्याच्या शेजारी हिरवा बाण उमटला. उजव्या रांगेतल्या गाड्या वळून निघाल्या. मधल्या रांगेतल्या जागच्या जागी राहिल्या, एक-दोन मोटारसायकलवाले पुढे सरकले तेवढेच.

“आणि समोरच्या बाजूला?” रंजनाने विचारलं. “त्यांना काय असतं या वेळी?”

“त्यांनाही बाणच. दोन्हीकडचे वळणारे एकदम सुटतात. ते एकमेकांना आडवे येत नाहीत ना. मग बाण बंद होतो आणि सरळवाल्यांना हिरवा मिळतो.”

“म्हणजे दोघांना एकदम हिरवा.”

“हो. पण बाणाचा हिरवा.”

समोरून एक टेम्पो वळत आला आणि त्यांच्या पुढून निघून गेला. रंजनाने तो नजरेआड होईपर्यंत पाहिला.

“आणि उजव्या रांगेत उभा राहून, बाण लागल्यावर, कुणी सरळच गेला तर?”

“तर समोरून वळणाऱ्याच्या तोंडात जाईल,” उज्ज्वला म्हणाली. “रांग रिकामी दिसते म्हणून घुसतात मावशी. मागचे हॉर्न मारतात, याला वाटतं आपलाच हिरवा. रोज एखादा असतो. नशीब म्हणून वाचतात.” तिने शिट्टी पुन्हा तोंडात घातली आणि थांबायच्या पट्टीवर आलेल्या गाडीकडे धावली.

रंजना तिथे दोन तास उभी राहिली. सिग्नल फिरत राहिला. लाल, बाण, हिरवा, पिवळा, पुन्हा लाल. प्रत्येक वेळी बाण लागला की तिला उजव्या रांगेच्या तोंडाशी हेमराजची रिक्षा दिसायची, आणि समोरून मारुतीचा टेम्पो. दोघांनी खरंच हिरवा पाहिला होता. कुणीच खोटं बोललं नव्हतं. तिला वाटलं, खोटं असतं तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्याला निदान ठाऊक तरी असतं.

घरी पोचली तेव्हा हेमराज खाटेवर उठून बसला होता.

“काय व्हयनं?”

“नापास व्हयनी.”

“मंग जाऊ दे. तुन्हं काम नही ते. पाय बरा व्हयना का मीच चालाडसू.”

पाय बरा होईल, पण त्या पायाने ब्रेक दाबला जाणार नाही, हे डॉक्टरांनी रंजनाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ती चुलीपाशी गेली. “पुढला आठोडाले परत जासू,” ती म्हणाली.

त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस ‘तो हिरवा बाणाचा होता’ हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. भाकरी वाढताना, त्याचा पाय उशीवर ठेवताना. पण ती त्याला ओळखून होती. शब्दाने सांगितलं असतं तर त्याने ते शब्दानेच उडवून लावलं असतं. एकोणीस वर्षं मी गाडी चालवली, तू काल नापास झालीस. आणि ते चुकीचंही नव्हतं. शिवाय संक्रांतीनंतर कोर्टात तारीख होती. वकिलाने सांगून ठेवलं होतं, तुम्ही फक्त हिरवा होता एवढं म्हणा, बाकी माझ्यावर सोडा. हेमराज तेवढं म्हणणार होता, अगदी खऱ्या मनाने, आणि भेस्तानच्या त्या माणसाचं उरलंसुरलं जाणार होतं.

रंजनाने ठरवलं, आधी लायसन.

दुसऱ्या खेपेला तिचे चौदा बरोबर आले. गल्लीतले पंडितआबा, रिक्षा विकून घरी बसलेले, तिला शिकवायला तयार झाले. सकाळी सहाला, दुरुस्त करून आणलेली हेमराजचीच रिक्षा घेऊन, मिलच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर दोघं जायचे. आबा मागे बसून टपावर काठी वाजवायचे.

“गियरले घाबरू नको पोरी. तो काय बैल नही लाथ माराले.”

पहिले आठ दिवस गाडी तिच्या हातात उड्या मारायची. क्लच सोडायच्या वेळी मनगट दुखून यायचं. मजुरीने साड्यांवर चमकते स्टोन चिकटवणारी तिची बोटं सावकाश कामाला सरावलेली होती, इथे एका क्षणात तीन गोष्टी करायच्या होत्या. गल्लीतल्या बायका हसल्या. दीर म्हणाला, लोक काय म्हणतील. रंजना म्हणाली, लोकांना रिक्षा लागली तर हात करतील. तिसऱ्या आठवड्यात ती वर्दळीत उतरली. तेव्हापासून रोज ती आबांना मोठ्या चाररस्त्यावर घेऊन जायची आणि तीनही रांगांतून एकेकदा जाऊन यायची. एकदा डावीकडे, एकदा सरळ, एकदा उजवीकडे.

“आठेच काब्रं येस रोज?” आबांनी एकदा विचारलं.

“आठे शिकनं का सगळीकडे चालाडता येस,” ती म्हणाली. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि टपावर पुन्हा काठी वाजवली.

चाचणीच्या ट्रॅकवर तिचं चाक एकदाही पट्टीला लागलं नाही. डिसेंबरच्या मध्यावर लायसन घरी आलं. हेमराजने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. फोटोकडे बराच वेळ पाहिलं. “चांगला शे,” एवढंच म्हणाला.

चार दिवसांनी त्याला पायाचा एक्स-रे फोटो काढायला दवाखान्यात न्यायचं होतं. आजवर शेजाऱ्याच्या रिक्षेने जायचे. त्या सकाळी रंजनाने स्वतःची रिक्षा दारात लावली, पत्रा ठोकून रंगवलेली. हेमराज कुबड्या टेकत आला, क्षणभर पुढच्या सीटकडे पाहत थांबला आणि मग मागे बसला. त्याने पाय सीटवर आडवा पसरला.

पहिल्या वळणावर तो म्हणाला, “पूलवरथून ले. बरं पडई.”

पुलाचा रस्ता जवळचा होता. रंजना मोठ्या चाररस्त्याकडे निघाली. मागून त्याने घट्ट धरलेला दांडा करकरल्याचा आवाज तिला ऐकू आला.

चाररस्त्याला लाल होता. तिने मधली रांग धरली आणि पट्टीच्या आत हातभर अलीकडे गाडी उभी केली. तिच्यापुढे कुणी नव्हतं. उजवीकडची रांग रिकामी होती.

“उजवीकडे मोकयं शे ना,” हेमराज मागून म्हणाला. आवाज जरा चढलेला, जुन्या दिवसांसारखा. “तठे घाल. पुढे निंघता येई.”

“ती वळणारासनी रांग शे. आपले सरय जानं शे.”

“मी काय आज चालाडी राहयनू का गाडी?”

तिचे तळवे हॅण्डलला चिकटले होते. एका स्कूटरवाल्याने डावीकडून नाक खुपसलं. समोरच्या बाजूला दिव्याखाली टेम्पो आणि दोन कार उभ्या होत्या, त्यांचे उजवे इंडिकेटर उघडझाप करत होते.

लाल तसाच राहिला आणि शेजारी हिरवा बाण उमटला.

“हिरवा पडना,” हेमराज म्हणाला. “चाल.”

रंजना हलली नाही. मागच्या कुणीतरी हॉर्न दिला, लगेच दुसऱ्याने दिला.

“रंजना, चाल ना! हिरवा दिखत नही का? मांगे लोके बोंबली राहयनात!”

तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त क्लचवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

समोरचा टेम्पो वळत आला. त्याच्या मागे दोन कार. त्यांच्या रिक्षाच्या पुढ्यातून, जिथे त्या क्षणी त्यांची रिक्षा असती बरोबर त्या जागेवरून, टेम्पो आडवा गेला. इतका जवळून की त्याच्या पत्र्यावरची धूळ दिसली. ड्रायव्हर पान खात होता. त्याने यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायचं कारणच नव्हतं, त्याचा बाण हिरवा होता.

बाण विझला. मग सरळचा दिवा हिरवा झाला. रंजनाने गियर टाकला आणि चाररस्ता ओलांडला. या क्षणासाठी तिने दोन महिने किती वाक्यं घोकली होती. आरशात पाहिलं तेव्हा हेमराज मान वळवून मागच्या काचेतून सिग्नलकडे पाहत होता. खांब दिसेनासा झाला तरी तो तसाच वळून बसला होता. ती एकही वाक्य बोलली नाही.

दवाखान्यात हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. फोटो उजेडात धरून त्यांनी दोन्ही ठिकाणं दाखवली. हेमराजने प्रत्येक गोष्टीला मान हलवली. बाहेर बाकावर बसल्यावर रंजनाने चहा आणला, तो त्याने हातात धरून थंड केला.

“कितला दिन झायात तुले?” त्याने अचानक विचारलं. “समजेल?”

“नापास व्हयनी त्या दिनपासून.”

त्याने बोटावर काहीतरी मोजलं, मग सोडून दिलं. “सांगं नही.”

“सांगं असतं ते तुम्ही मान्य करं असतं का?”

त्याने थंड चहा एका घोटात पिऊन टाकला आणि कुबड्या ओढून घेतल्या.

परत निघताना ऊन उतरलं होतं. रंजना पुलाच्या रस्त्याकडे वळणार, तेवढ्यात मागून तो म्हणाला, “सकायना त्याच रस्तावरथून चाल.”

आता ते दुसऱ्या बाजूने आले होते, टेम्पो आला होता त्या बाजूने. पुन्हा लाल होता. लिंबायत सरळ होतं. रंजनाने मधल्या रांगेत गाडी घातली.

“मधली रांगमा कसाले?” हेमराज म्हणाला. “उजवीकडे ले.”

“घर ते सरय शे.”

“माले माहीत शे. उजवीकडे ले.”

उजवीकडचा रस्ता भेस्तानला जात होता. रंजनाने आरशात पाहिलं. तो पुढे वाकून बसला होता, दुखरा पाय खाली घेतलेला, दोन्ही हात समोरच्या दांड्यावर. ओठ आवळलेले. पायाला त्रास होतोय हे तिला दिसत होतं, पण पाय वर घ्या असं ती म्हणाली नाही. तिने इंडिकेटर लावला, आरशात मागचं पाहिलं आणि हळूच उजव्या रांगेत जाऊन पट्टीच्या आत उभी राहिली.

ते दोघं दिव्याकडे पाहत थांबले.

“नाव काय शे त्यानं?” हेमराजने विचारलं.

पाच महिने त्या घरात तो फक्त टेम्पोवाला होता.

“मारुती,” रंजना म्हणाली.